जनसंपर्क आला कुठून? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वृत्तपत्रविद्येचा विद्यार्थी आहे. जनसंपर्काचा व्यवसाय भारतात १९९१नंतर, उदारीकरणाबरोबर आला, असं वर्गात सांगितलं गेलं. हे खरं का? – एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : नाही. १९९१नंतर फोफावल्या त्या जनसंपर्काच्या एजन्सी. काम त्याच्या सत्तर वर्षं आधीपासून चालू होतं, आणि त्याचा एक धागा तुमच्या सोलापूरवरूनच जातो. तुमच्या स्टेशनातून धावणारी गाडी तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची होती. १९२०च्या दशकात या कंपनीने प्रवासी इकडे यावेत म्हणून इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या आणि इथल्या जत्रा-मेळ्यांतून फिरता सिनेमा दाखवला. तिकीट विकण्याआधी माणसाच्या मनात प्रवासाची ओढ निर्माण करायची, हे रेल्वेवाल्यांना तेव्हाच कळलं होतं.

सरकारची वाट वेगळी होती. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने केंद्रीय प्रसिद्धी मंडळ नेमलं. त्याची धुरा मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक स्टॅन्ले रीड यांच्याकडे दिली. जून १९१९मध्ये सिमल्याला गृहखात्याखाली एक लहानसा कक्ष उघडला. अलाहाबाद विद्यापीठातले प्राध्यापक रशब्रुक विल्यम्स त्याचे पहिले प्रमुख. कक्षाचं मुख्य काम काय, तर ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवायला भारताचा अहवाल तयार करणं. म्हणजे इथल्या लोकांची माहिती तिकडे पोचवायची. इथल्या लोकांना काही सांगणं हा त्याचा मुख्य हेतू नव्हताच. १९४१मध्ये जे. नटराजन हे तिथले पहिले भारतीय प्रमुख झाले आणि १९४६मध्ये त्याला आजचं पत्र सूचना कार्यालय (पीआयबी) हे नाव मिळालं.

पण मला विचाराल, तर आपल्या व्यवसायाचं खरं जन्मवर्ष १९४३. त्या वर्षी टाटांनी मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला आणि तो मिनू मसानींच्या हाती दिला. हे मसानी कोण? दहा वर्षांपूर्वी नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायणांबरोबर बसून काँग्रेस समाजवादी पक्षाची आखणी करणारे, आणि त्याच १९४३ साली मुंबईचे महापौर झालेले. लोकांत वावरलेला, सभा ऐकलेला माणूस उद्योगसमूहाने या खुर्चीवर बसवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढच्याच वर्षी जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला आदी उद्योगपतींनी देशाच्या आर्थिक विकासाची योजना, म्हणजे ‘बाँबे प्लॅन’, मांडला. सामान्य वाचकाला ती योजना समजावी म्हणून सोपं सचित्र पुस्तक लिहिलं तेही मसानींनीच.

स्वातंत्र्यानंतर भिलाई, राउरकेला, दुर्गापूरसारखे सरकारी कारखाने उभे राहिले. जमिनी घेतलेली गावं, दूरदूरहून आलेले कामगार, कामगारांच्या वसाहती, या सगळ्यांशी बोलायला माणूस लागला. सार्वजनिक उपक्रमांतून जनसंपर्क अधिकाऱ्यांची पदं आली. १९५८मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही या व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. काली मोदी अध्यक्ष झाल्यावर, १९६६पासून, तिने खऱ्या अर्थाने व्यावसायिक रूप घेतलं. २१ एप्रिल १९६८ला दिल्लीत पहिली अखिल भारतीय परिषद भरली आणि व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली गेली. २१ एप्रिल हा जनसंपर्क दिन त्यावरूनच आला. तुमच्या सरांना ही तारीख जरूर सांगा.

प्रश्न : कार्यालयांच्या प्रेसनोटवर आम्ही विश्वास का ठेवावा? आपली बाजू रंगवण्यापलीकडे त्यात असतं काय? – एक वाचक, लातूर

उत्तर : तुमचा राग मला मान्य आहे. मी १९७८मध्ये एका सार्वजनिक उपक्रमात या कामावर रुजू झाले, तेव्हा आणीबाणीच्या सेन्सॉरशिपच्या आठवणी ताज्या होत्या. वार्ताहर आमच्याकडून सायक्लोस्टाइल केलेला कागद घेत, पण नजर संशयाचीच असे.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका गावचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. वरिष्ठांनी दिलेल्या टिपणावरून मी प्रेसनोट काढली : ‘वीजपुरवठा सुरळीत.’ बातमी छापून आली. चौथ्या दिवशी त्या गावचे सरपंच कार्यालयात आले. सदऱ्याच्या खिशातून चौघडी केलेलं कात्रण काढून त्यांनी टेबलावर उलगडलं आणि म्हणाले, “बाई, हे वाचून पावणे मला हसतेत. गावात अजून कंदील हाय.” मी त्यांना बसवलं, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि तो कागद वर पाठवला. खुलासा छापायला परवानगी मिळवण्यात दोन दिवस गेले. तो छापून आला, आणि नवा ट्रान्सफॉर्मर त्यानंतर आठवड्याने बसला. तेव्हापासून गावी ट्रंक कॉल लावून खात्री केल्याशिवाय ‘सुरळीत’ हा शब्द मी कधी लिहिला नाही.

म्हणून प्रेसनोट वाचताना एवढं बघा : गावाचं नाव, तारीख, आकडा, आणि चौकशी कोणाकडे करायची हे त्यात आहे का? नसेल तर तुमचा संशय रास्त आहे. कार्यालयाचं म्हणणं बाहेर नेणं हे आमचं अर्धं काम. बाहेरचं गाऱ्हाणं साहेबांच्या टेबलापर्यंत नेणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच अवघड. आज दर महिन्याला किती बातम्या छापून आल्या यावर एजन्सीचं काम मोजलं जातं. किती तक्रारी वर पोचल्या याचा तक्ता कोणी मागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : माझे वडील एका कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होते. त्यांच्या ट्रंकेत गृहपत्रिकांचे (कारखान्याच्या अंतर्गत नियतकालिकांचे) अंक आणि कात्रणं आहेत. रद्दीत द्यावीत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपा करून देऊ नका. कारखान्यात कोण भरती झालं, कुणाच्या मुलीने बक्षीस मिळवलं, कँटीनबद्दल कामगार काय म्हणत होते, हे त्या गृहपत्रिकांखेरीज फारसं कुठे सापडत नाही. आधी टाचण्या आणि पिना काढा, गंज कागद खातो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख नसेल, पण तुम्हाला खात्रीने ठाऊक असेल, तर मागे पेन्सिलीने लिहा. अंक उभे न ठेवता आडवे रचा, आणि त्यांची यादी करून जवळच्या जुन्या ग्रंथालयात विचारा. वडिलांबरोबर काम केलेलं कोणी हयात असेल, तर फोटोंतली माणसं ओळखून घ्यायला याच महिन्यात त्यांच्याकडे जाऊन या.