सात ठिपके आणि बुडाशी एक दाणा

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत दोन पात्यांचा घडीचा चाकू सापडला. मूठ तपकिरी, खडबडीत, हाडाची वाटते. पात्याच्या बुडाशी ‘केस एक्सएक्स यूएसए’ असं कोरलंय, खाली सात ठिपके आहेत आणि मागल्या बाजूला 6254 हा आकडा. पाती काळपट झाली आहेत. चाकू किती जुना असेल? पॉलिश करून घेऊ का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नको. तुमच्यासारखाच एक काळवंडलेला चाकू मी हौसेनं बफच्या चाकावर धरला होता. पाच मिनिटांत आरसा झाला. बुडावरची अक्षरं मात्र निम्मी पुसली गेली, आणि त्याबरोबर चाकूचं वयही गेलं. टूलरूममध्ये जन्म घालवलेल्या माणसानं असं करावं, याची लाज अजून वाटते.

काळपट-निळसर रंग हा गंज नव्हे, कार्बनच्या पोलादावर वापरानं चढलेली साय आहे. ती पात्याचं रक्षणच करते. लाल, भुकटीसारखा सुटतो तो गंज. तेवढ्याच जागी तेलाचा थेंब टाकून मऊ फडक्यानं चोळा. सांध्यातली घाण लाकडी काडीनं काढा. मूठ पाण्यात बुडवू नका. आणि चाकू कातडी म्यानात घालून ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि चाकूतल्या पितळेवर हिरवं चढतं.

आता ठिपके. ते नक्षीसाठी नाहीत. ‘केस’ या अमेरिकन चाकू कंपनीनं 1970 साली नावाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एकेक कमी करत नेला. म्हणजे सात ठिपके 1973 चे. पण भिंग घेऊन नावातला इंग्रजी ‘एस’ बघा. तो विजेच्या रेघेसारखा मोडलेला असेल, तर चाकू 1983 चा. कारण 1980 पासून त्या वाकड्या ‘एस’सह पुन्हा दहापासून मोजणी सुरू झाली. 6254 मधला 6 हाडाच्या मुठीचा, 2 पात्यांच्या संख्येचा, 54 घाटाचा. या घाटाला ट्रॅपर म्हणतात. एक पातं टोकदार असेल, दुसऱ्याचं नाक बोथट. असं पातं मुळात वासरं खच्ची करण्यासाठी निघालं, भलतीकडे टोचू नये म्हणून नाक गोल. मूठ खरंच हाडाची आहे का, हेही त्याच भिंगानं कळेल. हाडात बारीक बारीक रंध्रं दिसतात, प्लॅस्टिकमध्ये नाहीत.

प्रश्न : आमच्या ह्यांच्याकडे बावीस चाकू आहेत. मला सगळे सारखेच दिसतात. रात्री एकेक काढून उघडत-मिटत बसतात. त्यात एवढं बघण्यासारखं काय असतं?

उत्तर : वहिनी, ते बघत नसतात, ऐकत असतात! अशा जुन्या घडीच्या चाकूंत बहुधा कुलूप नसतं. पातं उघडं राहतं ते पाठीच्या पोलादी स्प्रिंगच्या दाबावर. पात्याचं बूड चौकोनी घासलेलं असेल, तर पातं अर्ध्यावर येऊन एकदा खटकन थांबतं आणि मग पुढे जातं. गोल घासलेलं असेल, तर सरळ फिरतं. हा आवाज मोकळा, ठणठणीत हवा. घशात अडकल्यासारखा आला, तर आत धूळ तरी आहे नाहीतर घासणाऱ्याचा हात चुकलाय.

आज रात्री एक चाकू तुम्ही मागून घ्या. डोळे मिटून पाठीवरून नख ओढा. पातं पूर्ण उघडं, अर्धं आणि मिटलेलं, तिन्ही वेळा. नख कुठेच अडलं नाही, तर स्प्रिंग तिन्ही जागी पाठीशी सपाट बसली आहे. दोन जागी सपाट आणणं जमतं हो. तिसऱ्या जागेसाठी कानशीचे चार हात जास्त लागले, की पहिल्या दोन बिघडतात. मी फिटर होतो, म्हणून मला चाकू घडवणाऱ्या माणसाची दया येते.

पुढे मुठीच्या टोकांच्या धातूच्या टोप्या बघा. चांदीसारख्या दिसतात, चांदीचा कण नसतो. तांबं, निकेल आणि जस्त. त्यातूनच पात्याची खीळ आरपार गेलेली असते. ती त्याच धातूची घेऊन, ठोकून अशी घासतात की दिसत नाही. चाकू उजेडात तिरका धरा. टोपीवर बारीक गोल उमटला असेल, तर सांधा सैल पडू लागलाय.

काही चाकूंत दोन्ही टोकांना एकेक पातं असतं, पण स्प्रिंग एकच. मग मिटल्यावर दोन्ही पाती एकाच खोबणीत मावतात कशी? वरून बघा. पात्यांना बुडाजवळ किंचित बाक दिलेला असतो, एकानं जरा अंग चोरायचं आणि दुसऱ्यानं शेजारून जायचं. हे लक्षात आलं तेव्हा मी तो चाकू आठवडाभर खिशात घेऊन हिंडत होतो.

आणि बुडाशी, धार संपते तिथला छोटा दाणा. पातं मिटताना तो स्प्रिंगवर टेकतो, म्हणून धार आत आपटत नाही. धार लावताना लोक उत्साहाच्या भरात तोही घासतात. मग पातं खोल पडतं, धार पोलादावर आपटते आणि ‘धारच टिकत नाही’ म्हणून चाकूला शिव्या. बावीसपैकी किती चाकूंचा दाणा शाबूत आहे, ते ह्यांना विचारा. विषय बदलला, तर समजून जा.

प्रश्न : लाकडी मुठीचा ओपिनेल कंपनीचा घडीचा चाकू धुतल्यापासून उघडत नाही. पक्कड लावू का?

उत्तर : पक्कड राहू द्या. बीच लाकूड पाणी पिऊन फुगलं आहे आणि त्यानं पातं दाबून धरलंय. आधी गळ्याजवळची कडी फिरवून फट मोकळी करा. ही कडी 1955 साली आली. नव्या चाकूंत ती मिटलेलं पातंही अडवते. मग मुठीचं मागचं टोक ओंडक्यावर एकदा ठोका, पातं बोटाला लागेल इतकं वर येतं. मूळ गावाकडचे, फ्रान्समधल्या साव्वाचे लोक असंच करतात. नंतर चाकू उघडा ठेवूनच सावलीत दोन दिवस वाळवा, उन्हात नको, लाकूड तडकेल.