नॅनोमटेरियलच्या गॅस सेन्सरवर पीएच.डी. करण्यासारखं अजून काही उरलंय का?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी. फिजिक्स झालंय, गाईड झिंक ऑक्साइड नॅनोरॉड्सवर (नॅनोमीटरच्या मापाच्या बारीक कांड्या) गॅस सेन्सिंग, म्हणजे गॅस ओळखणं, घ्या म्हणतायत, पण यावर आधीच पेपरांचा ढीग पडलाय तर नवीन काय करणार. मी टिन ऑक्साइडच्या फिल्मवर याच विषयात पीएच.डी. केलीये. उरलंय, भरपूर उरलंय, फक्त बहुतेक जण जिथे शोधतात तिथे ते नाहीये.

मूळ कल्पना तशी जुनीच. १९६२ मध्ये जपानमध्ये सेइयामा यांनी दाखवलं की झिंक ऑक्साइडची पातळ फिल्म गरम ठेवली की गॅस आल्यावर तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) बदलतो, त्याच सुमारास तागुचींनी टिन ऑक्साइडवर पेटंट घेतलं आणि ते दशक संपायच्या आत असे सेन्सर विकायलाही आले. होतं काय, तर २००-४०० डिग्रीला फिल्म ज्या बारीक दाण्यांची बनलेली असते त्यांच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, रेझिस्टन्स चढतो. मग एलपीजीसारखा गॅस आला की तो त्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्ट होतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात, रेझिस्टन्स पडतो. नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर उलट, अजून चढतो.

नॅनो इथे का येतं? इलेक्ट्रॉन गेलेला थर टिन ऑक्साइडमध्ये साधारण ३ नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे दाणा ६ नॅनोमीटरच्या आत आला की अख्खा दाणाच त्या थरात जातो आणि रिस्पॉन्स, म्हणजे गॅसमुळे रेझिस्टन्समध्ये होणारा बदल, एकदम वाढतो. यामाझोए यांनी हे १९९१ मध्ये मांडलं, आणि माझ्या मते त्यानंतरचे निम्मे पेपर याच एका गोष्टीच्या मागे धावतायत. नॅनोरॉड, नॅनोफ्लॉवर, नॅनोशीट, आकार बदला आणि रिस्पॉन्स मोजा. पण इतका बारीक दाणा ३००-४०० डिग्रीला महिनोन्महिने ठेवला की दाणे एकमेकांना चिकटून मोठे होत जातात, ज्या कारणासाठी नॅनो केलं तेच हळूहळू निघून जातं. आणि थिसिसमध्ये ग्राफ असतो पहिल्या काही दिवसांचा!

आता तुमच्या लॅबमध्ये जाऊन मोजणी कशी होते ते नीट बघा. खूप ठिकाणी एक बंद चेंबर असतो, आत हीटरवर काचेची स्लाइड, सिरिंजने ठरावीक गॅस सोडायचा, रेझिस्टन्स लिहायचा, मग झाकण उघडून रिकव्हरी (रेझिस्टन्स परत मूळ जागी येणं) घ्यायची. शिकायला ठीक आहे पण आतल्या हवेत दमटपणा किती होता ते कुणी लिहीत नाही. पाण्याची वाफ त्याच पृष्ठभागावर जाऊन बसते, बेसलाइन (गॅस नसतानाचा रेझिस्टन्स) खाली आणते आणि गॅससाठीच्या जागाही अडवते, म्हणजे मे महिन्यात काढलेला आकडा जुलैत मिळेलच असं नाही, कोकणात तर नाहीच. दुसरं म्हणजे सिलेक्टिव्हिटी, नेमका हवा तोच गॅस ओळखणं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा एमक्यू-२ हा तयार सेन्सर घेऊन बघा, एलपीजीला रिस्पॉन्स देतो, हायड्रोजनला देतो, दारूच्या वाफेलाही देतो, आतमध्ये टिन ऑक्साइडच आहे. नॅनो केल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण जास्त सेन्सिटिव्ह झालेला सेन्सर सगळ्याच गॅसला जास्त सेन्सिटिव्ह होतो.

म्हणून मी म्हणेन मटेरियल आधी ठरवू नका, गॅस आणि जागा आधी ठरवा. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो गटारातला हायड्रोजन सल्फाइड. मॅनहोलमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणसं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे तरी आजही माणसं उतरतात आणि मरतात, ही फार वाईट गोष्ट आहे. या गॅसला सडक्या अंड्यांचा वास असतो पण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि घात होतो. यावर कॉपर ऑक्साइड मिसळलेलं टिन ऑक्साइड फार सुंदर चालतं, दोघांच्या जंक्शनमुळे (ते एकमेकांना भिडतात ती सीमा) हवेत रेझिस्टन्स प्रचंड असतो, गॅस आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, ते धातूसारखं वाहक आहे त्यामुळे जंक्शनच मोडतं आणि रेझिस्टन्स कोसळतो. म्हणजे सिलेक्टिव्हिटी इथे केमिस्ट्रीतून येते, दाण्याच्या आकारातून नाही. अडचण अशी की सल्फाइडचं परत ऑक्साइड व्हायला वेळ लागतो, रिकव्हरी रेंगाळते.

आणि ज्यावर फार कमी लोक बोलतात ते म्हणजे मॅनहोलमध्ये ऑक्सिजनच कमी असतो. आपला अख्खा सेन्सर ऑक्सिजन पृष्ठभागावर बसण्यावर उभा आहे, कॅलिब्रेशन केलंय २१ टक्क्यांच्या हवेत, मग १६ टक्क्यांवर, सोबत मिथेन आणि जवळपास १०० टक्के दमटपणा असताना तो काय सांगेल? आज तिथे इलेक्ट्रोकेमिकल सेलवाले मीटर वापरतात, ते चांगले आहेत पण सेल दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो आणि प्रत्येक कामगाराच्या अंगावर एक मीटर हे आपल्या नगरपालिकांना अजून जमलेलं नाही. स्वस्त आणि टिकाऊ काही निघालं तर खरंच उपयोग आहे.

त्यामुळे झिंक ऑक्साइड नॅनोरॉड्स घ्यायला हरकत नाही, पण गाईडना पहिल्याच भेटीत विचारा की मास फ्लो कंट्रोलर (गॅस मोजून सोडणारी यंत्रं) आहेत का, ठरावीक दमटपणाची हवा सोडता येते का, आणि एकच सेन्सर सहा महिने रोज चालू ठेवून त्याचा डेटा द्यायला ते तयार आहेत का. तिन्हीला नाही असं उत्तर आलं तर निदान दमटपणाची सोय स्वतः करा, हवा पाण्याच्या बबलरमधून काढून कोरड्या हवेत मिसळायची आणि चेंबरमध्ये एक बरा ह्युमिडिटी सेन्सर लावायचा, फार खर्च येत नाही. एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकरचना बघणं), सेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो) वगैरे सगळे करतातच, त्यावर वर्ष घालवू नका.