ओव्हन मध्येच बंद पडतोय? आधी हे बघा

ताई, मेकॅनिकला फोन लावण्याआधी सांगा, बंद नक्की काय होतं? नुसता लाल दिवा विझत असेल तर घाबरू नका. ठरवलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, उतरलं की परत लावतो. टायमरची टिकटिक संपल्यावर बंद होत असेल, तर तो 'स्टे ऑन'वर ठेवून बघा.

हे दोन्ही नसेल तर प्लगकडे या. २००० वॅटचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो. आपल्या मुंबईच्या जुन्या इमारतींत ओट्याजवळ बरेचदा ६ अँपिअरचाच सॉकेट असतो, त्यात मिक्सरही त्याच मल्टिप्लगवर! अर्धा तास बेक झालं की स्विच बंद करा, प्लग काढा आणि निरखून पाहा. पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय? जळका वास येतोय? मग इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर ओढून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट करून घ्याच. कन्व्हर्टर प्लग लावून वेळ मारून नेऊ नका, अगदी कळकळीनं सांगतेय.

ओव्हन भिंतीला चिकटवलाय का? मागे वीतभर जागा सोडा. गार झाल्यावर आपोआप सुरू होत असेल तर संशय थर्मल कट-आउटवरच, म्हणजे ओव्हन फार तापला की वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचवर.

पावसाळ्यात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा घरातला खटका) पडत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. बरेच दिवस न वापरलेल्या कॉइलमध्ये दमट हवेची ओल शिरते आणि करंट अर्थला गळतो. खटका पुन्हा पुन्हा वर करू नका. ओव्हन इलेक्ट्रिशियनला दाखवा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला की गळती लगेच कळते.