झुळूक, वारा, वावटळ, वादळ: कोणता शब्द कुठे वापरावा?

हलक्या, सुखद वाऱ्यासाठी नेमका शब्द ‘झुळूक’. ती क्षणभर येते आणि जाते, म्हणून ‘दिवसभर झुळूक होती’ हे खटकतं. तिथे ‘मंद वारा होता’ म्हणा. वाऱ्याचा जोर ठरवणाऱ्या बोफर्ट मापनश्रेणीत ताशी ६ ते ११ किमी वेगाला चेहऱ्यावर वारा जाणवतो आणि पानं सळसळतात. झुळकेचा अंदाज साधारण तेवढाच धरा.

क्रियापदं चुकली की वाक्य परकं वाटतं. झुळूक येते, वारा सुटतो किंवा वाहतो, वावटळ उठते, वादळ घोंगावतं. वारा थांबला तर ‘वारा पडला’. हा प्रयोग फार सुंदर आहे, जरूर वापरा.

‘वावटळ’ म्हणजे धूळ-पाचोळा गरगर फिरवत वर नेणारा छोटा भोवरा, बहुधा तापलेल्या जमिनीवर उठणारा. त्याला चक्रीवादळ म्हणू नका. चक्रीवादळ समुद्रावरच्या कमी दाबातून तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि भारतीय हवामान विभाग ताशी ६२ किमीपासून पुढे तो शब्द वापरतो. सलग जोरदार वाऱ्याला ‘सोसाट्याचा वारा’. ‘झंझावात’ मुळात पावसासह येणारा.

सर्वाधिक गोंधळ किनाऱ्यावरच्या जोडीत होतो: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून दिशा उलटते.

समीर, अनिल, पवन हे कवितेत शोभतात; रोजच्या बोलण्यात ‘वारा’च.