वर्षावनातल्या प्राण्यांचे बाहुल्यांचे कार्यक्रम बघून मुलं खरंच काही शिकतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी साडेचार वर्षांची, टॅबवर रेनफॉरेस्टमधल्या प्राण्यांचा बाहुल्यांचा एक कार्यक्रम रोज बघते, आणि आता तिला पक्कं वाटतं की जॅग्वार आणि माकड जिवलग मित्र असतात आणि दोघं मिळून केक खातात. तर हे बंद करावं का, की यातून ती काही शिकतेय?

ताई, सरसकट बंद नका करू. पण एकदा शेजारी बसून बघा की त्या कार्यक्रमात बाहुली नेमकं काय काम करते. बाहुली शहाणी आहे की बावळट, सगळं त्याच्यावर आहे.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी कोथरूडला राहते, सहा वर्षं बालवाडीत शिकवलं आणि त्यानंतर आजवर बाहुल्या बनवते, चालवते, शाळांमध्ये खेळ करते. मध्ये एकदा एका चॅनलसाठी अगदी असाच कार्यक्रम करणार होतो, आपल्या सह्याद्रीतल्या प्राण्यांचा, तेरा भाग ठरले होते, झाला एक, तोही कधी लागला नाही. त्यामुळे पुढचं अर्धं अनुभवाचं आणि अर्धं फजितीचं आहे.

तुमची शंका चुकीची नाहीये. 2014 मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांना त्यांनी कधी न पाहिलेल्या प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली होती, काहींना साध्या माहितीच्या भाषेत आणि काहींना प्राणी माणसासारखे बोलतायत, वागतायत अशा भाषेत. माणसासारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी ऐकलेल्या मुलांनी खरी माहिती कमी उचलली आणि प्राण्यांना माणसासारखं समजायला लागली. म्हणजे केक खाणारा जॅग्वार हा तुमच्या मुलीचा दोष नाही, तिला जे दिलं ते तिने घेतलं. पण यावरून बाहुल्याच वाईट असं काही लोक म्हणतात ते मला पटत नाही, कारण बाहुली म्हणजे प्राणीच असायला हवा असं कुठे लिहिलंय.

याचं सगळ्यात हुशार उदाहरण म्हणजे अमेरिकेतला झुबूमाफू हा मुलांचा कार्यक्रम. 1999 मध्ये तिथल्या पीबीएस या वाहिनीवर सुरू झाला, क्रिस आणि मार्टिन क्रॅट हे दोघे भाऊ त्यात होते, एकूण 65 भाग. यूट्यूबवर सापडेल. त्यात सुरुवातीला खराखुरा लेमर, म्हणजे मादागास्करमधला माकडासारखा प्राणी, उड्या मारत येतो, टेबलावर बसतो, खातो, काही बोलत नाही, आणि खाऊन झालं की त्याच्या जागी बाहुली येते आणि मग ती बडबड करते. बाहुलीचे किस्से तर चक्क मातीच्या पुतळ्यांच्या ॲनिमेशनमध्ये. म्हणजे बघा, एकाच प्राण्याचे तीन दर्जे केलेत, खरा, बोलका आणि गोष्टीतला, आणि तिन्ही दिसायला इतके वेगळे की पोराला कोणी समजावून सांगावं लागत नाही. खऱ्याच्या तोंडी एकदाही शब्द नाही. तो खरा लेमर म्हणजे जोव्हियन नावाचा कॉकेरेल्स सिफाका (लेमरचीच एक जात), अमेरिकेतल्या ड्यूक लेमर सेंटरमध्ये राहायचा, 2014 मध्ये वीस वर्षांचा होऊन गेला.

आणि यातली गंमत म्हणजे ज्याला सगळे रेनफॉरेस्टवाला समजतात तो रेनफॉरेस्टमधला नाहीच. मादागास्करच्या पूर्वेला पर्जन्यवनं आहेत, हा गडी वायव्येच्या कोरड्या पानझडी जंगलातला, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने घाटमाथ्यावरचा नाही, विदर्भातल्या सागाच्या जंगलातला म्हणा. टीव्हीवर हिरवं दिसलं की रेनफॉरेस्ट, असा आपला हिशोब असतो. मीही कितीतरी वर्षं तेच सांगत होते मुलांना.

असंच एक स्लॉथचं. मराठीत त्याला धड नाव नाही म्हणून पुष्कळ आईबाबा "आळशी अस्वल" सांगतात आणि झोल होतो, कारण इंग्रजीत ज्याला स्लॉथ बेअर म्हणतात ते आपलं नेहमीचं काळं अस्वल, भारतातलं, मध आणि वाळवी खाणारं, आणि झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, त्याचं अस्वलाशी काही नातं नाही. पण आपल्यालाच हसायचं कारण नाही, 1791 मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाची लांब नखं बघून त्याला स्लॉथच्याच कुळात टाकलं होतं, ते नाव तेव्हापासून चिकटलंय. हे मी शाळेत सांगते तेव्हा शिक्षकच जास्त हसतात.

आता स्लॉथची बाहुली चालवणं हा वेगळाच छळ आहे. टीव्हीच्या बाहुल्यांमध्ये बाहुली चालवणारा खाली असतो, हात डोक्याच्या वर, आणि समोर जमिनीवर मॉनिटर, त्यात स्वतःची बाहुली कॅमेऱ्यात कशी दिसते ते बघत बघत चालवायची. आरशासारखं उलटं नसतं ते, त्यामुळे पहिले काही दिवस डावीकडे न्यायची म्हणून उजवीकडे जाते आणि दोन बाहुल्या एकमेकींवर आदळतात. त्यात माकड असेल तर हात हलता राहतो, बरं वाटतं. स्लॉथला हळूच हलवायचं, आणि हात वर करून हळू हलवणं म्हणजे काय ते एकदा पंखा पुसताना करून बघा. माझा खांदा त्या एका भागानंतर महिनाभर दुखत होता.

पण मुलांना स्लॉथ का हळू ते मात्र पटकन कळतं जर आळशी हा शब्द वापरला नाही तर. पानं खातो, पानांत ताकद कमी, पचायला कितीतरी दिवस, म्हणून जपून वापरतो. मी जंगलाचे थर दाखवायला लिफ्ट नसलेली सोसायटी करते. खाली अंधारा तळमजला, मग झुडपांचा मजला, मग सगळ्यांचे पसारे असलेला वरचा मजला जिथे ऊन आणि फळं आणि बहुतेक प्राणी, आणि गच्चीवर डोकं काढलेली दोन-चार उंच झाडं. तर स्लॉथ वरच्या मजल्यावर राहतो आणि साधारण आठवड्यातून एकदाच खाली उतरतो, कशाला, तर शी करायला. एवढं सांगितलं की वर्ग संपला समजा, पाच मिनिटं कोणी ऐकत नाही. पण सहा महिन्यांनी त्याच शाळेत गेले तर चारही मजले त्यांना पाठ होते, तेही या एका शीमुळे.

आता माझी फजिती. पायलटमध्ये, म्हणजे चॅनलसाठी झालेल्या त्या एका भागात, मुख्य पात्र होतं शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, भीमाशंकरचं अभयारण्य त्याच्यासाठीच आहे, पुण्याच्या मुलांनी बघावा असा प्राणी, सगळं बरोबर होतं. मी बोहरी आळीतून फोम आणलं, फेव्हिबॉन्डचा वास घरभर, लालसर फ्लीस, आणि शेपूट शरीरापेक्षा लांब हवं म्हणून केलं तर ते इतकं जड झालं की शेपटीला वेगळा माणूस लागला. मग मीटिंगमध्ये सुरू झालं. एक म्हणाले फेटा घाला. दुसरे म्हणाले उडताना दाखवा, मोठी खार उडते ना. मी सांगितलं उडते ती वेगळी, शेकरू झाडावरून झाडावर उडी मारतं, वीसेक फुटांची मारतं, ती काय कमी आहे का, आणि जमिनीवर सहसा उतरतच नाही. पण शेवटी फेटा घातला गेला, शेकरू सर्वज्ञ करण्यात आलं, सगळ्या जंगलाला माहिती सांगत फिरायचं, आणि मी मान डोलावली कारण पैसे हवे होते.

ती बाहुली नंतर माझ्याकडेच राहिली आणि मी ती शाळेच्या खेळांत वापरायला लागले. मग एका शाळेची सहल भीमाशंकरला गेली त्यांच्याबरोबर मी गेले, नशिबाने शेकरू दिसलं, फांदीवर पालथं पडून काहीतरी कुरतडत होतं, आणि एक मुलगी माझ्या ओढणीचा शेव ओढत म्हणाली, "हा बोलत का नाहीये? रागावलाय का?" बाकीची पोरं पण हिरमुसली. खरं शेकरू समोर होतं आणि ते माझ्या बाहुलीपुढे फिकं पडलं. परतीच्या बसमध्ये मला काही सुचत नव्हतं खरं सांगायचं तर.

त्यानंतर मी फेटा काढला आणि शेकरूला नोकरीवरून कमी केलं. उत्तर मिळालं ते अर्धवटरावांकडून. रामदास पाध्यांचे वडील य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव, शंभरी ओलांडलेला बाहुला, त्याची सगळी गंमत कशात आहे तर तो आगाऊ आहे, चुकीचं बोलतो, आणि शेजारचा माणूस बिचारा सावरत बसतो. आपण हसतो कारण आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. लहान मुलांना तर हे फार आवडतं, दिवसभर त्यांनाच सगळे चुका सांगत असतात ना.

म्हणून आता माझी मुख्य बाहुली प्राणी नाहीच, गोट्याशेठ नावाचा एक गोल तोंडाचा माणूस आहे, त्याला जंगलातलं ओ की ठो कळत नाही. प्राण्यांच्या बाहुल्या आहेत पण त्या बोलत नाहीत, फक्त प्राणी जे करतो ते करतात. धनेशाचा, म्हणजे त्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याचा, प्रवेश सांगते. पुठ्ठ्याचं झाड, त्याला ढोली, मादी आत जाऊन बसते आणि तोंड लिंपून घेते, फक्त चोच मावेल एवढी फट ठेवते, आणि नर उंबर-वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. हे खरंच असंच असतं, मादी आत अंडी उबवते, तिची पिसंही आतच झडतात, नर बाहेरून डबा पोचवतो. गोट्याशेठ येतो आणि ओरडतो, "अरे कोंडलं रे बाईला, पोलिसांना बोलवा!" आणि अख्खा वर्ग उभा राहून त्याला झापतो, "तिनेच बंद केलंय, आत अंडी आहेत!" ही माहिती मी सांगितलेलीच नसते, त्यांनी नुसती बघितलेली असते.

भोरजवळच्या एका शाळेत एका पोराने विचारलं, मग ती आत शी कुठे करते. मला येत नव्हतं. घरी येऊन शोधलं तर कळलं ती त्याच फटीतून मागचा भाग करून बाहेर पिचकारी मारते, ढोली स्वच्छ ठेवते. पुढच्या खेळात गोट्याशेठला झाडाखाली उभं केलं. जास्त लिहीत नाही.

तर तुमच्या मुलीच्या कार्यक्रमात हे बघा की खऱ्या प्राण्याचं चित्रण येतं का आणि आलं की बाहुल्या गप्प बसतात का, की त्याच्यावरही आवाज चढवतात. बाहुली प्रश्न विचारते की भाषण देते. आणि जॅग्वार जे खातो ते खाताना दाखवत नसतील तर ठीक, लहान आहेत, पण केक कशाला? बाकी वेळेचं म्हणाल तर बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं म्हणणं दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन आणि तोही मोठं माणूस सोबत, तेवढं पाळा. मला तर वाटतं वीस मिनिटं बघून मग टॅब ठेवायचा आणि जुन्या मोज्यावर दोन बटणं शिवून त्याच गोष्टीत तुम्ही चुकायचं. "जॅग्वारला पाणी आवडत नाही, मांजर आहे ना तो" असं ठामपणे म्हणा. नसेल माहीत तिला तर दोघी मिळून शोधा, तो मस्त पोहतो. मोजा चालवताना एकच युक्ती, बोलताना वरची बोटं उचलू नका, अंगठा खाली पाडा, नाहीतर बाहुली आकाशाकडे बघून बोलते आणि मूल मोज्याकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघत बसतं.

आणि अमेझॉनला जायची गरज नाही. राखी धनेश आपल्या पुण्यातच आहेत, जुनी मोठी झाडं आहेत तिथे हमखास, टेकड्यांच्या पायथ्याला, जुन्या बंगल्यांच्या आवारात. ते काही पर्जन्यवनातले नव्हेत पण ढोली लिंपायचं काम तेच. गेल्या एप्रिलमध्ये सकाळी माझ्या भाच्याला घेऊन गेले होते, पाच वर्षांचा आहे, नर चोचीत काहीतरी घेऊन आला, खोडाला चिकटला, फटीतून दिलं आणि गेला. भाचा एक शब्द बोलला नाही. मग हळूच मला ओढत बाजूला घेऊन गेला, मला वाटलं घाबरला, तर म्हणाला, "आत्या, इथे नको उभं राहू, ती शी करेल."

झाड कुठलं ते विचारू नका, इथे लिहिलं की उद्या कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते तिथे.