दम धरू नकोस

चि. पोरा,

अनेक आशीर्वाद. तू टाकी पाठीला बांधून डायव्हिंग शिकायला गेलास त्या लक्षद्वीपच्या कडमत बेटाहून पाठवलेला तुझा मेसेज आईनं वाचायला दिला. 'अख्ख्या गावात माझ्याएवढा दम कोणाचा नाही, आणि सर त्यासाठीच मला पाण्याबाहेर बसवतात. परत येऊ का?' असं विचारतोस. येऊ नकोस. सर बरोबर आहेत.

आपल्या तलावात पाणी सोडायच्या तुडुमाजवळ बुडी मारतोस तेव्हा काठावरची हवा छातीत नेतोस. खाली ती दबते, वर आलास की होती तेवढीच होते. पाठीवरच्या हवेच्या टाकीचं तसं नाही. 10 मीटरवर दाब दुप्पट, आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीची हवा तोंडात देणारं यंत्र, हवा देतो ती त्याच दाबाची. म्हणजे एका श्वासात वरच्या दोन श्वासांचा माल. तो कोंडून वर निघालास तर हवा दुप्पट फुगणार. छाती थोडीच दुप्पट होते? फुप्फुस फाटतं, बुडबुडे रक्तातून मेंदूत जातात. याला खोल दर्याही लागत नाही, पाच फुटांवरूनही माणसं गेली आहेत. म्हणून दम धरू नकोस.

तू म्हणशील, कळलं. नाही कळलं, लेका. डोक्याला कळलं असेल, छातीला नाही. कासव दिसलं, मास्कमध्ये पाणी शिरलं की तुझी छाती आपसूक थांबणार, लहानपणापासूनची सवय आहे ती. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी 'आऽऽ' करत बारीक बुडबुडे सोडत राहायचं. रोज, उथळ पाण्यात, कंटाळा येईस्तोवर. आणि दम धरायचा नाही!

मी तिथं पाहुण्यांना डायव्हिंगला नेत असे तेव्हा मलाही हेकट म्हणत. एका पाहुण्याला लगूनमध्येच, म्हणजे बेटालगतच्या उथळ, शांत पाण्यातच, श्वास सोडत राहणं जमेना. मी त्याला रीफच्या, म्हणजे पोवळ्यांच्या खोल भिंतीकडे नेलं नाही. मालक म्हणाला, पैसे भरलेत त्यानं. मी म्हटलं, भरू देत. पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही. नोकरी घालवली म्हणून गाव अजून हसतं. हसू दे. तो माणूस आपल्या पायांनी बोटीवर चढला, आणि तो प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा तेच करीन. हळहळ वाटते ती एवढीच की 2010 आणि 2016 च्या उष्म्यानं तिथली पोवळी पांढरी पडली तेव्हा मी इथं भाताचे पऱ्हे उपटत होतो. जी भिंत मी पाहिली ती तुला दिसणार नाही.

बेटावर भात-मासळी आहे, जेवणाची चिंता नाही. विहिरीचं पाणी मात्र जपून वापर. पावसाचं गोडं पाणी खाली खाऱ्यावर तरंगत असतं. इथल्यासारखी मोटर लावून उपसलंस तर खारं वर येतं आणि शेजाऱ्याचीही विहीर नासते. बेट दारूबंदीचं, माणसं धार्मिक. चड्डीवर गावात हिंडू नकोस. मल्याळम शिक, नुसत्या हिंदीवर किती दिवस काढशील?

पावसाळ्यात दर्या खवळतो, डायव्हिंग बंद होतं. तेव्हा रोवणीला ये, आईला हात होईल. अगत्तीहून विमानानं निघणार असशील तर आधीचे 24 तास टाकी घेऊन पाण्यात उतरायचं नाही. टाकीच्या हवेतून रक्तात मुरलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो. कोणी 18 पुरे म्हणालं तरी तू 24 च धर.

तुझा,
काका