शिराझ द्राक्ष आणि तिची वाइन ओळखायची कशी?

हा प्रश्न सोलापूरच्या वाचकाने विचारला आहे, म्हणून आधी द्राक्षच बघू. सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका ही खायच्या द्राक्षांची जात लांबट, बिनबियांची, पातळ सालीची. शिराझचा मणी लहान, काळानिळा, आत बिया. गर जवळपास बिनरंगी असतो. वाइनचा गडद रंग आणि तुरटपणा येतो सालीतून. म्हणून रस सालींसकट आंबवतात. शिराझ आणि सिरा ही एकाच जातीची नावं, मूळ फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं. आपल्या जिल्ह्यात अकलूजकडेही वाइनची द्राक्षं होतात.

वासात काळी फळं आणि काळी मिरी. मिरीचा वास रोटंडोन या घटकाचा, जो खऱ्या मिरीतही असतो. साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही, तेव्हा मिरी सापडली नाही तर स्वतःला दोष देऊ नका. घोट तोंडभर फिरवा: हिरड्या कोऱ्या चहासारख्या आवळल्या पाहिजेत आणि जिभेला जडपणा जाणवला पाहिजे.

इथे बहुतेकांचं चुकतं ते तापमानात. बाटलीवरचं ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे १६ ते १८ अंश, सोलापूरचा एप्रिल नव्हे! गरम वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं, फळ हरवतं. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवा, ग्लास एक तृतीयांशच भरा. फार गार केली तर उलट तुरटपणा बोचतो.

सोबत भाजलेलं मटण उत्तम. झणझणीत रस्सा मात्र नको, अल्कोहोलने तिखटाची आग वाढते.